पालथं घमेलं

१

मांडजुव्यावर ओळ उभी राहते ती घरांच्या क्रमानं, माणसांच्या मर्जीनं नाही. शेजाऱ्याशी तुमचं पटो न पटो, ओळीत तुम्ही त्याच्याच शेजारी, कारण तुमचं घर त्याच्या घराशेजारी. त्यामुळे जुव्यावर भांडणं फार दिवस टिकत नाहीत. दर पावसाळ्यात बांधाला कुठे ना कुठे खांड पडते, आणि ज्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलेलं असतं त्याच्याच हातून चिखलानं भरलेलं घमेलं घ्यावं लागतं.

जुवा म्हणजे खाडीतलं बेट. रत्नागिरीच्या बाजूनं तरीत बसलं की दहा मिनिटांत धक्का. पाणी वाढतंय हे इथल्या लोकांना बाहेरून कुणी येऊन सांगावं लागलं नाही. गोदा शिवलकर लग्न होऊन आली तेव्हा धक्क्याला अकरा पायऱ्या होत्या. भर ओहोटीला नवं लुगडं सांभाळत ती त्या सगळ्या चढली होती. आता सात दिसतात. खालच्या चार आहेत, पण त्यांच्यावर कालवं धरलीत. मधे साहेब लोक आले, मोजमाप करून गेले, जाताना म्हणाले की उठा इथून. जुवा उठला नाही. लोकांनी खालच्या वाडीतली घरं एकेक करून आपल्या हातांनी वर सड्यावर नेली, काठाला कांदळाची रोपं लावली, खाऱ्या पाण्यात तग धरणारं भात कुठून कुठून शोधून आणलं आणि बांध दर वर्षी वीतभर उंच केला. बांधाच्या आत गोडी बाव आहे. अख्ख्या जुव्यात पिण्याचं पाणी तेवढंच. ती खारी झाली की मग साहेबांना परत यायची गरज नाही, लोक आपले आपणच उठतील.

तर ओळीची रीत अशी. खालच्या टोकाला सोडलेल्या घरांची जोती फोडून चिऱ्याचे तुकडे घमेल्यात भरायचे. भरलेलं घमेलं हातोहात वर खांडीपर्यंत जायचं, रिकामं हातोहात खाली यायचं. खांड बुजली की वरच्या टोकाला दादू घाणेकर एक घमेलं पालथं करून खाली धाडतो. देणाऱ्यानं म्हणायचं, "सरलं." घेणाऱ्यानं म्हणायचं, "मिळालं." मगच पाय उचलायचा. नुसत्या हाकेवर ओळ कुणी सोडायची नाही, कारण वाऱ्यात हाक एकाला ऐकू येते आणि दुसऱ्याला नाही. पालथं घमेलं हातात पडलं म्हणजेच माणूस सुटला.

आणि जे घर बंद झालं त्याची जागा ओळीत मोकळी सोडायची. दोन्ही बाजूंच्यांनी एक पाऊल पुढे टाकून, हात लांब करून घमेलं त्या मोकळ्या जागेवरून न्यायचं. पाठ दुखते, वेळ जातो, पण जागा सोडायची. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ठाऊक नाही. गोदाच्या सासूच्या सासूच्या वेळेपासून असंच.

२

यंदा खांड पडली ती नेमकी नसीमाच्या घराशी.

गोकुळाष्टमीच्या रात्री बांध तिथे खचला आणि दहीकाल्याच्या सकाळी गावकऱ्यांची बैठक बसली. बांध कमिटीचा कारभार हल्ली विनीत मयेकरकडे. मुंबईतली बरी नोकरी सोडून परत आलेला पस्तिशीचा माणूस. बोलायला मऊ, पण प्रत्येक गोष्ट मोबाइलवर मांडून बघायची सवय. त्यानं सांगितलं की आज नवमी, भांगाचे दिवस, पाण्याला जोर नाही. पण सहा दिवसांनी अवस. श्रावणी अवसेचं उधाण आलं आणि खांड उघडी असली, तर बाव गेली.

"माणसं एकोणतीस," तो म्हणाला, "आणि अंतर चौतीस माणसांचं. मोकळ्या जागा सोडत बसलो तर पोचायचं नाय. या वर्षापुरती ओळ सलग धरूया."

दादूनं तंबाखू थुंकली. "तुज्या मोबाईलला सांग, ज्यांचे चिरे त्या बांधात घातलेत त्यांना बाजूला सार म्हणून. मग मी सारतो."

बरीच वादावादी झाली. शेवटी मधल्या जागा बुजवायचं ठरलं, माणसं जरा लांब लांब उभी करायची, आणि मोकळी ठेवायची ती एकच जागा, नसीमा सोलकरची. तिच्या जागी उभं राहायला तसंही कुणी तयार नव्हतं.

नसीमाचं घर म्हणजे आता दोन भिंतींचा एक कोपरा. पुरुषभर उंच, चुना गेलेला, शेवाळलेला. जवळपासची सगळी जोती फोडून बांधात गेली, पण नसीमाच्या जोत्याला कुणाला पहार लावू दिली नाही ती गोदानं. "असूं दे तेवढं," असं ती दर वेळी म्हणायची, आणि लोक म्हणायचे, काय जीव होता दोघींचा एकमेकींवर. ओळ त्या कोपऱ्याला वळसा घालून जायची. भिंतीच्या अलीकडे गोदा, कोपऱ्यावर नसीमाची मोकळी जागा, आणि भिंतीपलीकडे चिऱ्यांच्या ढिगाशी घमेली भरणारा शिवा. गोदाला शिवा दिसायचा नाही आणि शिवाला गोदा. गोदाच्या वरच्या बाजूला उभी राहायची महरीन, नसीमाचीच लेक. तिला गावातच मुकादमांकडे दिलेली, आणि मुकादमांचं खालच्या वाडीतलं जुनं घर गोदाच्या घराला लागून; घर वर सड्यावर नेलं तरी ओळीतला क्रम तोच.

अकरा वर्षांनी ओळ पुन्हा त्या जागी उभी राहत होती. गोदा पदर खोचून चिखलात उतरली तेव्हा तिनं कोपऱ्याकडे बघायचं टाळलं. हे तिला चांगलं जमायचं. अकरा वर्षं जमवलं होतं.

३

पहिले दोन दिवस काही झालं नाही. म्हणजे, काही झालं नाही असं गोदाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी विनीत खुशीत आला. काम त्याच्या हिशेबापेक्षा पुढे गेलं होतं. "गोदाकाकी, तुमच्या टोकाला काय जादू चालल्ये?" तो हसत म्हणाला. "मी तिथे सगळ्यात जास्त वेळ धरला होता. मोकळ्या जागेवरून घ्यायचं म्हणजे उशीर होणारच. तर तिथेच सगळ्यात भरभर."

गोदा पण हसली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी कुणी कामाचं कौतुक केलं तर बरंच वाटतं. पण तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तिची पाठ दुखत नाही. खांदा नाही, कंबर नाही, काही नाही. मोकळ्या जागेच्या शेजारी उभं राहणाऱ्याची कंबर पहिल्याच दिवशी जाते. हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तिनं खाली बघितलं. दुपारचे दोन वाजले होते, ऊन लख्ख होतं आणि चिखलावर तिच्या पायांचे दोन ठसे होते. दोनच, खोल, एकाच जागी. पुढे टाकलेल्या पावलाचा ठसा कुठेच नव्हता. म्हणजे तीन दिवसांत ती एकदाही पुढे वाकली नव्हती. कोपऱ्यावरून घमेलं येत होतं ते थेट तिच्या हातात, जसं शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून यावं तसं.

शिवा पुढे येऊन देत असणार, असं तिनं मनाशी ठरवलं. भला माणूस आहे, म्हातारीला त्रास नको म्हणून चार पावलं जास्त चालत असेल. इतकी साधी गोष्ट. तिनं पुढचं घमेलं घेतलं, महरीनच्या हातात दिलं आणि पुन्हा वळली.

तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. घमेल्याच्या लोखंडी काठाला अंगठी लागली की होतो तो. टिंग. अगदी बारीक.

शिवाच्या हातात अंगठी नव्हती. असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पुरुषांच्या हाताकडे कोण बघतं.

४

खालच्या वाडीत अजून दिवा लागणारं घर एकच, गोदाचं. तिचं वर जायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहायचं. गणपती झाले की, मग दिवाळी झाली की, मग भात झोडून झालं की. घराच्या भिंतींना मिठाची फुलं धरलेली, जमीन सारवली तरी दुसऱ्या दिवशी ओलसर. पण मागच्या पडवीत बसलं की नसीमाच्या ओट्यापर्यंत सरळ नजर जायची, आणि ती सवय सुटत नव्हती.

त्या संध्याकाळी दिवा लावून ती पडवीत बसली. नसीमाचा ओटा आता भरतीला पाण्याखाली असतो, पण गोदाला तो हिरवा दिसायचा. नसीमाचा नवरा अली मस्कतहून पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं दोन डबे ऑइलपेंट आणला होता आणि कशाला लावायचा ते न कळून सगळा ओटाच हिरवागार रंगवला होता. नसीमा महिनाभर कपाळाला हात लावत होती. "येणारा जाणारा दर्गा समजून पाया पडतोय गो," असं म्हणून हसायची. त्याच खेपेला अलीनं तिला चांदीची अंगठी आणलेली. ती जरा मोठी होती, म्हणून नसीमानं खालून दोरा गुंडाळलेला. ओळीत घमेलं देताना ती काठाला लागायची आणि गोदा म्हणायची, "वाजव, वाजव, मस्कत वाजव." रमजानात नसीमा शिरखुर्मा धाडायची, गौरीला गोदा घावनं-घाटलं. दोघींनी चोवीस पावसाळे शेजारी उभं राहून काढले. नवऱ्यांशी बोलल्या नसतील एवढं एकमेकींशी बोलल्या. गोदाला त्या दिवसांची इतकी आठवण आली की तिनं उगाचच चुलीवर दोन कप चहाचं पाणी ठेवलं.

पाणी उकळत होतं तेव्हा मागल्या दारी वाजलं. टिंग.

गोदा बसली तिथेच थांबली. थोड्या वेळानं पुन्हा, टिंग. मग तिचं तिलाच हसू आलं. पागोळीखाली पितळेचा तांब्या ठेवलेला, त्यात थेंब पडत असणार. पन्नास वर्षं पावसात काढली आणि थेंबाला घाबरली. ती उठली, मागचं दार उघडलं आणि तांब्या आत आणायला वाकली.

दुपारपासून उघडीप होती. तांब्या कोरडा होता.

५

पाचव्या दिवशी, त्रयोदशीला, गोदानं शिवाला गाठलं. ओळ उभी राहायला अजून वेळ होता आणि तो ढिगाशी बसून विडी ओढत होता.

"शिवा, तुझे उपकार झाले रे बाबा," ती म्हणाली. "माझ्यासाठी कोपऱ्यापर्यंत चालत येतोस. पण कशाला उगाच दमतोस? मी घेईन हात लांब करून."

शिवानं विडी तोंडातून काढली. "मी? मी कुटं येतो, काकी? मी हितं ढिगाशीच. कोपऱ्यावर तुमीच तर येताव."

"मी?"

"भिंतीआडून हात येतो तुमचा. मी आपलं घमेलं धरलं की ओढून घेताव." त्याला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण तो थांबला. "का वो?"

"काही नाही," गोदा म्हणाली. "मला वाटलं तूच."

ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. डोकं शांत ठेवायचं तिनं ठरवलं. दोघांनाही वाटतंय की समोरचा पुढे येतो. म्हणजे खरं तर दोघंही थोडे थोडे पुढे येत असतील आणि कामाच्या नादात लक्षात राहत नसेल. असं होतं. जिना चढताना पायऱ्या कुठे लक्षात राहतात? तिनं हे दोन-तीनदा मनात घोळवलं आणि ते जवळजवळ पटलं. मग तिनं भिंतीचा कोपरा ते आपले पाय असं अंतर बघितलं. दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढं होतं.

ओळ सुरू झाली. त्या दिवशी गोदानं एकदाही कोपऱ्याकडे तोंड केलं नाही. महरीनकडे बघत उभी राहिली आणि उजवा हात मागे धरला. प्रत्येक वेळी घमेल्याचा काठ नेमका तिच्या बोटांत आला. काठ ओला असायचा, आणि जिथे धरलेला असतो तिथे जरासा ऊबदार.

"काकी, इकडं काय बघताव माज्याकडं?" महरीननं विचारलं.

"तू आईसारखी दिसायला लागल्येस गो," गोदा म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं.

 महरीन घमेलं घेऊन वर वळली.

६

अकरा वर्षांपूर्वी ही अशीच ओळ होती, आणि हीच खांड. श्रावणातली चतुर्दशी होती. घमेली भरणाऱ्याच्या पायावर चिरा पडला, त्याला वर नेलं, म्हणून नसीमा भिंतीपलीकडे जाऊन स्वतःच भरायला लागली. भरायचं, वळसा घालून गोदाला द्यायचं, परत जायचं. पाणी चढत होतं. खांड बुजली, दादूनं घमेलं पालथं केलं, ते हातोहात खाली आलं आणि गोदाच्या हातात पडलं. "मिळालं," गोदा म्हणाली.

नसीमा भिंतीपलीकडे होती. कोपऱ्यापर्यंत चार पावलं, वळसा घेऊन आणखी चार. पण गोदाच्या पोटऱ्यांना पाणी लागलं होतं, आणि घरात तिचा नवरा अर्धांगानं पडलेला, चटईवर, जमिनीवर. पाणी उंबऱ्याशी आलं असेल हे तिला इथूनही कळत होतं. तिनं हाक मारली, "नसीमा, सरलं गो." पलीकडून काहीतरी आलं. "हां" असेल, वारा असेल. तिनं घमेलं पालथं तसंच भिंतीच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि घराकडे धावली. नवऱ्याला पाठुंगळी घेऊन माळ्यावर चढवेपर्यंत अंधार पडला.

नसीमा घमेल्याची वाट बघत चिरे भरत राहिली असणार. हातात पडल्याशिवाय ती हलणारी नव्हती. रीत म्हणजे रीत. ती तिसऱ्या दिवशी खाडीच्या मुखाशी सापडली.

लोकांनी विचारलं तेव्हा गोदा म्हणाली, "मी हातात दिलं." ते तीनच शब्द होते. मग नसीमाच्या बोटात अंगठी नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि गावानं आपला अर्थ लावला: सुटली होती, पण पडलेली अंगठी शोधायला परत फिरली. चांदीच्या अंगठीपायी जीव घालवला, असं बायका हळहळून म्हणायच्या. एकोणीस वर्षांची महरीन ते खाली मान घालून ऐकायची, आणि गोदा तिथेच बसलेली असायची. पुढे अली घर बंद करून मुलाकडे मुंब्र्याला गेला. गोदाचा नवरा त्यानंतर दोनच वर्षं जगला. तो गेल्यावर तर तिच्यापाशी खोटं बोलायला कारणही उरलं नाही, पण खोटं राहिलं.

७

चतुर्दशीला साडेचारला पुरी ओहोटी होती. सकाळपासून आभाळ भरून होतं, आणि उधाणाच्या आधी खाडी जशी गप्प होते तशी गप्प होती. कमरेएवढी खांड अजून बाकी होती.  घमेली वर जात होती, रिकामी खाली येत होती, आणि कोपऱ्यावर दर वेळी, टिंग.

पाच वाजता पाणी वळलं. थोड्या वेळानं शिवा वरच्या बाजूनं, कांदळातून वाट काढत बांधावर आला. "ढीग संपला," तो ओरडला. "एक तुकडा नाय राह्यला."

"किती कमी पडतंय?" विनीतनं विचारलं.

दादूनं खांडीत काठी घालून बघितली. "आठ-दहा घमेली."

 आठ-दहा घमेल्यांसाठी बाव जाणार होती. विनीत मोबाइल खिशात घालून नुसता पाण्याकडे बघत राहिला. गोदानं शिवाला बांधावर, विनीतच्या शेजारी, नीट बघितलं. भिंतीपलीकडे आता कुणी नव्हतं.

टिंग.

काठ तिच्या उजव्या हाताशी आला. जड होता.

गोदानं तो धरला. हात आपोआप वळले आणि घमेलं महरीनकडे गेलं. महरीननं आत बघितलं. मग गोदाकडे बघितलं. मग वर दिलं. चिऱ्याचे तुकडे काळे पडले होते, त्यांवर कालवं धरली होती, आणि एका तुकड्याच्या सपाट बाजूला हिरव्या ऑइलपेंटचा पोपडा होता.

"आलं रे, आलं," वर कुणीतरी म्हणालं, आणि ओळ पुन्हा हलायला लागली. चिरे कुठून येताहेत हे विचारायला कुणाला सवड नव्हती. दुसरं घमेलं आलं, तिसरं आलं. सगळे तुकडे हिरवे. गोदाच्या घोट्यांना पाणी लागलं, मग पोटऱ्यांना. ज्या जोत्याला अकरा वर्षं तिनं पहार लावू दिली नव्हती, ते जोतं घमेल्या-घमेल्यानं तिच्या हातातून बांधात चाललं होतं. तिला रडू आलं. भीती वाटत होती, अंगावर काटा होता, आणि तरी चोवीस पावसाळे जसं चाललं होतं अगदी तसंच हे चाललं होतं. ताल तोच, आवाज तोच. हे थांबू नये असंही तिला वाटत होतं.

नववं घमेलं गेलं. वरून दादूचा आवाज आला, "सरलं!"

पालथं घमेलं हातोहात खाली येऊ लागलं. सरलं, मिळालं. सरलं, मिळालं. एकेक माणूस ओळीतून सुटून बांधावर चढत होता. महरीननं ते गोदाच्या हातात दिलं.

"सरलं, काकी."

"मिळालं," गोदा म्हणाली.

पाणी गुडघ्यांना आलं होतं. महरीन निघाली नाही. नियमानं ती सुटली होती, पण दोन पावलं वर जाऊन ती थांबली आणि वळून उभी राहिली. तिनं "चला" म्हटलं नाही. नुसती बघत राहिली.

कोपऱ्यावर पालथं घमेलं ठेवता येईल एवढी सपाट जागा होती. गोदाला ती चांगली ओळखीची होती. हात तिकडे वळलाही. मग ती वळली, पाण्यातून चार पावलं चालली आणि भिंतीच्या कडेशी थांबली. पलीकडे डोकावून बघायचा धीर तिला झाला नाही. तिनं घमेलं दोन्ही हातांनी कडेपलीकडे धरलं.

"नसीमा," ती म्हणाली. "सरलं गो. घे. हातात घे."

पाण्याचा आवाज येत होता.  मग भिंतीच्या काठावर चार बोटं आली. पाण्यात फार वेळ राहिलेल्या हातासारखी पांढरी, सुरकुतलेली. एका बोटात अंगठी, खालून दोरा गुंडाळलेली. लोखंडावर एकदाच बारीक आवाज झाला, आणि घमेल्याचं वजन गोदाच्या हातांतून गेलं.

तिला जे ऐकू आलं ते तिनं नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. पण ती वळून निघाली ती ते ऐकल्यावरच.

८

विनीतनं बांधावर घमेली मांडून बघितली. एक कमी होतं.

"कोपऱ्यावर राहिलं का, काकी?"

"मी हातात दिलं," गोदा म्हणाली.

विनीतला वाटलं म्हातारी दमली आहे. त्यानं तिला बसायला सांगितलं आणि तो दादूकडे गेला. पाणी बांधाच्या अंगाला लागलं होतं, चढत होतं, पण आत येत नव्हतं. माणसं बावेशी जमली होती. कुणीतरी पोहरा सोडला, घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि मान हलवली. गोडं.

महरीन गोदाशेजारी येऊन बसली. दोघींचे पाय चिखलानं भरलेले होते.

"महरीन," गोदा म्हणाली, "तुझ्या आईला मी आज दिलं. तेव्हा दिलं नव्हतं. भिंतीवर ठेवून पळाले मी. ती अंगठीसाठी परत नव्हती गेली. ती उभी होती."

हे सांगायला अकरा वर्षं लागली, आणि सांगायला बसलं तर श्वासभर वेळही लागला नाही. गोदा मान खाली घालून थांबली. शिव्या येतील, हुंदका येईल, काहीतरी येईल म्हणून.

"मला ठाऊक हाय," महरीन म्हणाली.

गोदानं वर बघितलं.

"आई सापडायच्या आदल्या दिवशी ओहोटीला मी गेले व्हते घर बघाया. घमेलं कोपऱ्यावर पालथंच व्हतं, ओल्या शेवाळात रुतलेलं. हातात दिलेलं घमेलं तिथं कशाला ऱ्हाईल? मी घरी नेलं. अजून हाय माज्या माळ्यावर." तिनं पायावरचा चिखल निपटला. "मुकादमांचं स्थळ आलं तेव्हा अब्बा म्हणाले, दुसरं बघू. मीच हां म्हटलं. तुमच्या शेजारची जागा व्हती म्हणून. म्हटलं, कदी ना कदी खांड तिथंच पडंल. आणि घमेलं तुमच्या हातात मलाच द्यायचं हाय."

"आणि मी पुन्हा कोपऱ्यावर ठेवलं असतं तर?"

महरीननं पाण्याकडे बघितलं. भिंतीचा कोपरा आता वीतभरच वर होता.

"मग मी तुमाला बांधावर चढाया हात दिला नसता, काकी," ती शांतपणे म्हणाली. मग उठली, आणि गोदाला उठवायला तिनं हात पुढे केला.

९

त्या उधाणात कोपरा पडला. जोत्याच्या जागी नुसता चिखल उरला होता, एक चिरा नाही, जणू तिथे घर नव्हतंच. लोकांना नवल वाटलं, मग पाण्याचा जोर म्हणून सोडून दिलं. दिवाळीनंतर गोदानं आपल्या घराचं जोतं बांधाला दिलं आणि वर सड्यावर, महरीनच्या नव्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या. तिथून खाडी दिसते, पण लांबून.

पुढल्या श्रावणात बांधाची डागडुजी निघाली. खांड नव्हती, पण ओळ उभी राहिली, जुन्याच क्रमानं. आता मधे भिंत नव्हती. गोदाला समोर शिवा स्वच्छ दिसत होता, दोघांच्या मधे नसीमाची मोकळी जागा. ऊन होतं, चिखलावर खेकड्यांची बारकी बिळं होती, आणि बाकी काही नव्हतं.

शिवानं घमेलं भरलं, उचललं आणि पुढे धरलं. गोदानं नेहमीसारखा उजवा हात मागे नेला आणि बोटं उघडून वाट बघितली. काही आलं नाही.

"काकी," शिवा म्हणाला, "जरा पुडं या की. पोचत नाय."

गोदानं एक पाऊल पुढे टाकलं आणि हात लांब केला.